सांगून येणारं गिऱ्हाईक: ऑनलाइन दुकानासाठी रेफरल प्रोग्रॅम कसा उभा करायचा

आमचा मसाल्याचा गाळा लालबागला. मागे डंक, पुढे पॅकिंगचं टेबल, आणि आता निम्म्याहून जास्त माल वेबसाइटवरून जातो. डोंबिवलीच्या एक काकू दर दोन महिन्यांनी अर्धा किलो मालवणी मसाला मागवतात. एका गटारीच्या आदल्या आठवड्यात एकाच पिनकोडवरून, एकाच सोसायटीतून नऊ ऑर्डरी आल्या, मी काकूंना फोन केला तेव्हा कळलं की त्यांनी मटणाच्या रश्श्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, वर लालभडक तर्री आलेला, आणि खाली आमच्या दुकानाची लिंक. आम्ही काय केलं, तर पुढच्या पार्सलात गरम मसाल्याचं एक पाकीट जास्त टाकलं. त्याच आठवड्यात इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर एका नवीन ऑर्डरमागे आमचे सव्वादोनशे रुपये जात होते.

ते आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर वाटलं की काकूंना नीट, हिशेबाने पैसे मिळायला हवेत, आणि अशा अजून काकू शोधायला हव्यात. तिथून आमचा प्रोग्रॅम सुरू झाला.

हे लिहितेय कारण बरेच जण पहिला प्रश्न विचारतात, कुठलं ॲप टाकू? ॲप टाकणं एका दुपारचं काम आहे. किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठल्या ऑर्डरीवर नाही द्यायचं हे ठरवायला आम्हाला दोन महिने लागले, कारण आम्ही ॲप आधी टाकलं आणि नियम नंतर केले. तुम्ही असं करू नका, म्हणून क्रम लावून सांगते.

आधी दोन शब्द सुटे करूया. रेफरल म्हणजे आपलंच गिऱ्हाईक ओळखीच्या माणसाला सांगतं आणि बदल्यात त्याला पुढच्या खरेदीवर क्रेडिट किंवा रोख पैसे मिळतात. ॲफिलिएट म्हणजे ज्याचं स्वतःचं पब्लिक आहे, रेसिपीचं चॅनल, इन्स्टाचं पेज, तो कमिशनवर माल सुचवतो. ॲमेझॉनने १९९६ साली असोसिएट्स प्रोग्रॅम काढला आणि ही पद्धत इंटरनेटवर पसरली, तसं गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला दलाली देणं आपल्या बाजारात त्याच्या कितीतरी आधीचं. लहान दुकानाने दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये चालवावं असं माझं मत आहे, नियम एकच ठेवायचे, दर हवा तर वेगळा.

पायरी १: एका ऑर्डरीचा हिशेब कागदावर मांडा

दुसऱ्या दुकानाचा टक्का उचलू नका. कपडेवाला १५ टक्के देऊ शकतो म्हणून मसालेवाल्याला परवडेल असं नाही. आम्ही कसं मांडलं ते दाखवते, आकडे तुमचे घाला.

धरा की सरासरी ऑर्डर ९०० रुपयांची, ५ टक्के जीएसटी धरून. सांगणाऱ्याने दिलेला सवलतीचा कोड वापरून येणाऱ्या नवीन गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली की तो भरतो ८१०. त्यातला जीएसटी काढला की साधारण ७७१ आपले. आता माल ३६०, पाऊच-खोका-टेप ४०, कुरियर ८०, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १९, आणि परत येणाऱ्या पार्सलांसाठी दर ऑर्डरीमागे बाजूला ठेवायचे ३०. झाले ५२९. उरले २४२. त्यातून ७७१ वर १० टक्के कमिशन म्हणजे ७७ गेले की शिल्लक १६५, आणि यातूनच गाळ्याचं भाडं, लाइटबिल, मिरच्यांचे देठ काढायला येणाऱ्या बायकांचा पगार.

आता हेच १५ टक्के सूट आणि १५ टक्के कमिशन करून बघा. गिऱ्हाईक भरतो ७६५, जीएसटी जाऊन ७२९, खर्च ५२८, उरले २०१, कमिशन १०९, शिल्लक ९२. दोन्हीकडे पाच-पाच टक्केच वाढवले पण आपल्या हातातले १६५ चे ९२ झाले. हे गणित न करता सुरुवातीला दणक्यात १५ टक्के जाहीर करणारे मी पाहिलेत, आणि मग तीन महिन्यांनी दर कमी करावा लागतो तेव्हा माणसं दुखावतात. कमी दराने सुरू करून वाढवता येतं, उलटं करायला फार जड जातं.

कमिशन कशावर मोजायचं तेही इथेच ठरवा: सूट वजा करून, जीएसटी वजा करून, डिलिव्हरी चार्ज वजा करून जी रक्कम राहते तिच्यावर. बऱ्याच ॲपमध्ये टॅक्स आणि शिपिंग वगळण्याची सेटिंग वेगळी असते, ती स्वतः उघडून बघा.

परत येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय? इथे धंद्याधंद्यात फरक आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये लोक वर्षाचा मसाला एकदम घेतात, पाच-पाच किलोच्या ऑर्डरी, आणि मग वर्षभर किरकोळ काहीतरी. म्हणून आम्ही पहिल्या ऑर्डरीवर १० टक्के आणि पुढे बारा महिने त्याच गिऱ्हाइकाच्या ऑर्डरींवर ४ टक्के ठेवलंय. फक्त पहिल्या ऑर्डरीवर दिलं असतं तर जानेवारीत एक पाकीट विकून देणाऱ्याला मे महिन्यातल्या पाच किलोतलं काहीच मिळालं नसतं, आणि ते मला बरोबर वाटत नाही. फ्रेम, पडदे, भांडी असलं काही विकत असाल, जे माणूस परत परत घेत नाही, तर पहिल्या ऑर्डरीवरच थोडं जास्त द्या आणि विषय सोपा ठेवा.

पायरी २: कमिशन पक्कं कधी होणार

हा भाग सगळ्यात नीट वाचा, कारण परदेशातली गाइड वाचून सेटअप केलं की नेमकं हेच सुटतं. आपल्याकडे कॅश ऑन डिलिव्हरी आहे, आणि ऑर्डर पडणं आणि पैसे येणं यात आठ-दहा दिवसांचं अंतर असतं.

पहिल्या महिन्यात आम्ही ऑर्डर पडली की कमिशन धरत होतो आणि दर आठवड्याला पैसे देत होतो. एका रेसिपीच्या पेजवरून ३१ ऑर्डरी आल्या, त्यातल्या २७ कॅश ऑन डिलिव्हरी. आम्ही खूश, रात्री अकरापर्यंत बसून पॅकिंग केलं. पुढच्या दहा दिवसांत १२ पार्सलं परत आली. कुणी फोन उचलला नाही, कुणी दारात नको म्हणाला. कमिशन देऊन झालेलं, जायचं कुरियर गेलं, यायचं कुरियर गेलं, आणि तीन पाकिटं फुटून आलेली, खोका उघडला तर आत सगळा लाल भुगा आणि तो वास दोन दिवस टेबलावरून गेला नाही. त्या पेजवाल्या मुलीचा यात काही दोष नव्हता, तिने मनापासून व्हिडिओ केला होता. आमचा नियमच चुकीचा होता.

आताचा नियम असा: पार्सल पोचलं, पैसे आले, आणि पोचल्यापासून १० दिवस गेले की कमिशन पक्कं. तोपर्यंत पार्टनरला, म्हणजे गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला, ते 'पेंडिंग' दिसतं. परत आलेल्या, कॅन्सल झालेल्या आणि रिफंड दिलेल्या ऑर्डरीवर शून्य. अर्धी ऑर्डर परत आली तर राहिलेल्या अर्ध्यावर.

आणि पैसे द्यायची तारीख या १० दिवसांवरून काढा. ३१ तारखेला पोचलेलं पार्सल पुढच्या महिन्याच्या १० ला पक्कं होतं, म्हणून आम्ही पेमेंट १५ ला ठेवलं, मध्ये चार दिवस हिशेब जुळवायला मिळतात. तारीख आधी ठरवून मग नियम बसवत बसलात तर दर महिन्याला ओढाताण होईल.

पायरी ३: लिंक की कोड

दोन्ही द्या, पण भरवसा कोडवर ठेवा. कारण सांगते.

लिंक अशी चालते की पार्टनरच्या नावाचं शेपूट लावलेल्या पत्त्यावरून कुणी दुकानात आलं की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी म्हणजे एक छोटी खूण बसते, आणि समजा ३० दिवसांत त्याने काही घेतलं तर ती ऑर्डर त्या पार्टनरच्या नावावर लागते. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात बाई इन्स्टाग्रामवर रील बघते, लिंक इन्स्टाच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते, खूण तिथे बसते, ती म्हणते रात्री बघू, आणि रात्री क्रोममध्ये जाऊन दुकानाचं नाव टाइप करून ऑर्डर करते. क्रोमला त्या खुणेचा पत्ताच नाही. आयफोनच्या सफारीत तर पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत पुसली जाते, तुम्ही सेटिंगमध्ये ३० लिहा नाहीतर ९०. आणि आपल्याकडे अर्ध्या घरांत बघणारा एक, पैसे भरणारा दुसरा, मुलगा ऑफिसातल्या लॅपटॉपवरून आईसाठी ऑर्डर करतो.

कोड या सगळ्यातून तरतो. तो तोंडी सांगता येतो, लोकलच्या लेडीज डब्यात सांगता येतो, कागदावर लिहून देता येतो. फक्त कोड छोटा ठेवा, नाव आणि आकडा, स्पेलिंगचा घोळ होणार नाही असा. आमच्या एका पार्टनरच्या नावात डब्ल्यू की व्ही हा प्रश्न होता, पंधरा दिवसांत सहा लोकांनी कोड चालत नाही म्हणून फोन केले, मग आम्ही तिला 'पोहे१०' दिला, तिची पोह्यांची रेसिपी प्रसिद्ध आहे म्हणून.

कोड एका गिऱ्हाइकाला एकदाच चालेल अशी मर्यादा घाला, ऑनलाइन दुकान ज्यांच्यावर चालतं त्या वूकॉमर्स आणि शॉपिफाय दोन्हीमध्ये ती सोय आहे. लिंक एकाची आणि कोड दुसऱ्याचा असं झालं तर कोडवाल्याला द्यायचं, हे पण लिहून ठेवा, कारण असं होतंच.

पायरी ४: सॉफ्टवेअर, आणि आधी बिना-सॉफ्टवेअर

पहिले दहा-पंधरा पार्टनर असेपर्यंत काहीही विकत घेऊ नका. दुकानात प्रत्येकाच्या नावाचा कोड बनवा, महिन्याच्या शेवटी कोडनुसार विक्रीचा रिपोर्ट काढा आणि गूगल शीटमध्ये चिकटवा. कॉलम एवढेच: ऑर्डर नंबर, तारीख, कोड, रक्कम, पोचल्याची तारीख, पैसे आले का, कमिशन, स्थिती, शेरा. हे हाताने दोन महिने केलंत की तुम्हाला कळतं की आपल्याला ॲपकडून नक्की काय हवंय.

मग ॲप. वूकॉमर्सवर असाल तर स्लाइसडब्ल्यूपीची फुकट आवृत्ती आहे, ॲफिलिएटडब्ल्यूपी पैसे देऊन घ्यावं लागतं. गोॲफप्रो शॉपिफाय आणि वूकॉमर्स दोन्हीवर चालतं, शॉपिफायवर अपप्रमोटही बरेच जण वापरतात. दर आणि फुकट मर्यादा बदलत राहतात, घ्यायच्या दिवशी बघा. मी निवडताना तीनच गोष्टी बघितल्या: कोड पार्टनरला जोडता येतो का, ऑर्डरीची स्थिती बदलली की कमिशन आपोआप बदलतं का, आणि पार्टनरचं पान मोबाइलवर नीट दिसतं का.

वूकॉमर्सवाल्यांनी एक गोष्ट मुद्दाम तपासा. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर तिथे पैसे न येताच सरळ 'प्रोसेसिंग' मध्ये जाते. तुमच्या प्लगिनने (दुकानाला जोडलेल्या ॲपने) 'प्रोसेसिंग' म्हणजे पैसे आले असं धरलं तर कमिशन लगेच पक्कं होऊन बसेल. आम्ही 'कम्प्लीटेड' झाल्यावरच मोजायला लावलं आणि 'कम्प्लीटेड' फक्त कुरियरचा पोचल्याचा मेसेज आल्यावर करतो.

सुरू करायच्या आधी स्वतः खोट्या ऑर्डरी टाकून बघा, निदान एक संध्याकाळ द्या याला. एक लिंकवरून, एक नुसत्या कोडने, एक एकाची लिंक आणि दुसऱ्याचा कोड, एक कॅश ऑन डिलिव्हरी टाकून कॅन्सल केलेली, एक पैसे भरून रिफंड केलेली, एक इन्स्टाग्रामच्या आतून. प्रत्येकीनंतर पार्टनरच्या पानावर काय दिसतं ते लिहा. आम्हाला यात सापडलं की रिफंड केल्यावर कमिशन तसंच राहत होतं, एक टिक मारायची राहिली होती.

पायरी ५: नियमांचं एक पान, मराठीत

इंग्रजीतलं बारा पानांचं ॲग्रीमेंट कुणी वाचत नाही. एक पान करा, व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असं, आणि समोरच्याकडून 'मान्य' असं उत्तर घेऊन ते जपून ठेवा. आमच्या पानातली काही वाक्यं जशीच्या तशी देते, हवी तर घ्या:

"पार्सल पोचून १० दिवस झाल्यावर कमिशन पक्कं होईल. पक्कं झालेलं कमिशन पुढच्या १५ तारखेला यूपीआय किंवा बँकेत जमा होईल. रक्कम ३०० च्या खाली असेल तर पुढच्या महिन्यात धरली जाईल, बुडणार नाही."

"स्वतःच्या कोडने स्वतःसाठी घेतलेल्या ऑर्डरीवर कमिशन नाही."

"दुकानाच्या नावावर गूगलमध्ये जाहिरात लावायची नाही. कोड कूपनच्या साइटवर टाकायचा नाही."

"मसाल्याने आजार बरा होतो, वजन उतरतं, शुगर कमी होते असं काहीही लिहायचं-बोलायचं नाही."

"दर बदलायचा असेल तर ३० दिवस आधी कळवू. आधी आलेल्या ऑर्डरींना जुनाच दर."

आजाराबद्दलचं वाक्य आमच्याकडे एका पार्टनरने 'हळदीने गुडघेदुखी गेली' असं टाकल्यावर आलं. तिला वाटलं मदत करतेय. पण खाण्याच्या वस्तूची दिशाभूल करणारी जाहिरात असेल तर अन्नसुरक्षा कायदा, २००६ मध्ये १० लाखांपर्यंत दंड आहे. आम्ही पोस्ट काढायला लावली आणि तिला नीट समजावलं, ती अजून आमच्याबरोबर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे 'जाहिरात' असं लिहिणं. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्यात, जाहिरात मानक परिषदेच्या त्याआधी २०२१ पासून आहेत. पैसे, कमिशन, फुकट माल, सूट, काहीही मिळत असेल तर ते स्पष्ट दिसेल असं सांगायचं, हॅशटॅगांच्या ढिगात शेवटी लपवायचं नाही. पोस्ट मराठीत असेल तर शब्दही मराठीत, 'जाहिरात' किंवा सरळ 'या कोडवर मला कमिशन मिळतं'. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली फसव्या जाहिरातीला १० लाख आणि परत केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या पार्टनर बायकांना आधी वाटलं की कमिशन मिळतं असं सांगितलं तर लोक घेणार नाहीत. काकूंनी ग्रुपवर सरळ लिहिलं, 'मला यातून थोडे पैसे मिळतात, पण मी हा मसाला आधीपासून वापरते हे तुम्हाला माहीत आहे', आणि ऑर्डरी आल्याच. लोकांना लपवलेलं आवडत नाही, कमाई केलेली चालते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, साखळी करू नका. 'तू आणलेल्या पार्टनरच्या विक्रीवरही तुला २ टक्के' हे ऐकायला गोड लागतं आणि बऱ्याच ॲपमध्ये त्याचं बटणही तयार असतं. पण माणसं जोडण्याचे पैसे मिळायला लागले की माल बाजूला राहतो. आपल्याकडे अशा साखळी योजनांविरुद्ध १९७८ चा कायदा आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना बंदी घातली आहे. मुंबईत अशा योजनांत कष्टाचे पैसे घालवलेली घरं कमी नाहीत. आपल्या प्रोग्रॅममध्ये एकच पातळी, जॉइन व्हायला एक रुपयाही फी नाही, आणि माल विकत घ्यायची सक्ती नाही.

पायरी ६: टॅक्स

हे थोडक्यात, बाकी तुमच्या सीएला विचारा. कमिशनवर टीडीएस लागतो, म्हणजे पैसे देतानाच त्यातून टॅक्स कापून सरकारकडे भरायचा. कंपनी, एलएलपी किंवा भागीदारी असेल तर उलाढाल कितीही असो, आणि मालक एकटा असेल तर आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली असेल तर. एका पार्टनरला आर्थिक वर्षात २०,००० च्या वर गेलं की २ टक्के कापायचे, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आणि २ टक्के दर ऑक्टोबर २०२४ पासूनचा. पॅन दिला नाही तर २० टक्के कापावे लागतात, म्हणून पॅन पहिल्याच दिवशी मागून घ्या. कमिशनवरचा हा टीडीएस कलम १९४एच म्हणून ओळखला जायचा, पण १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ आलाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेवढं लक्षात ठेवा. एखाद्याला फुकट माल भरपूर देत असाल, वर्षाला २०,००० च्या वर, तर त्यालाही वेगळा १० टक्के टीडीएसचा नियम आहे.

जीएसटीचं असं की पार्टनरची स्वतःची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणी लागत नाही. मोठं चॅनल असेल आणि नोंदणी असेल तर तो कमिशनवर १८ टक्के लावून बिल देईल, ते बिल नीट घ्या, त्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो. घरून करणाऱ्या बायकांसाठी आम्ही साधी पावती आम्हीच बनवून पाठवतो, त्या फक्त 'बरोबर आहे' म्हणून उत्तर देतात.

पायरी ७: पहिली वीस माणसं

'आमचे पार्टनर व्हा' अशी पोस्ट टाकून सुरुवात करू नका. जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी तुमचा माल कधी हातात घेतलेला नसतो.

ऑर्डरींची यादी काढा आणि सहा महिन्यांत तीनदा घेतलेली गिऱ्हाइकं बघा. आमच्याकडे अशी ४० निघाली. मी त्यांना एकेक करून फोन केला, मेसेज नाही, फोन, दुपारी दोन ते चारच्या मध्ये जेव्हा घरची कामं आटपलेली असतात. विचारलं, मसाला कसा वाटतो, तिखट जास्त होतो का, आणि शेवटी, तुम्ही कुणाला सांगितलंय का कधी? ज्या म्हणाल्या हो, माझ्या जावेला सांगितलं, बहिणीला पाठवला, त्यांनाच प्रोग्रॅमबद्दल सांगितलं. १७ जणी तयार झाल्या. ज्यांनी आधी फुकट सांगितलंय त्याच पुढे टिकल्या.

दुसरा गट घरगुती डबा देणाऱ्या बायकांचा, ठाणे-कल्याण-विरार पट्ट्यात प्रत्येक सोसायटीत एखादी असते. त्यांना लोक विचारतातच, मसाला कुठला? त्यांच्या डब्याबरोबर जाईल असं छोटं कार्ड आम्ही छापून दिलं, एका बाजूला कोड आणि क्यूआर, दुसऱ्या बाजूला रश्श्याची कृती. नुसतं जाहिरातीचं कार्ड फेकून देतात, कृती फ्रिजवर चिकटवतात.

आणि हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी. २० ग्रॅमचं पाऊच आणि कोडचं कार्ड असं वाण करून आम्ही पार्टनरना आमच्या खर्चाने दिलं, प्रत्येकीला तीस. जिथे पंचवीस-तीस बायका बसून एकमेकींशी बोलतात तिथे हातात माल असणं याला दुसरं काही येत नाही. आमच्या वर्षभरातल्या नवीन गिऱ्हाइकांत फेब्रुवारीची भर सगळ्यात टिकाऊ निघाली, त्या बायका मे महिन्यात वर्षाचा मसाला घ्यायला परत आल्या.

मोठ्या पेजवाल्यांकडे मग जा. त्यांना आधी माल पाठवा, वापरू द्या, आणि फॉलोअर किती यापेक्षा खाली कॉमेंटमध्ये लोक काय विचारतात ते बघा. 'मसाला कुठून घेतला' असं विचारणारे असतील तर ते पेज आपल्या कामाचं.

प्रत्येक पार्टनरला सुरुवातीला एवढं द्या: कोड, लिंक, चार चांगले फोटो, मालात काय काय आहे त्याची खरी यादी, आणि गिऱ्हाइकाने हमखास विचारायचे पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं. बेडगी किती, संकेश्वरी किती, किती दिवस टिकतो, फ्रिजमध्ये ठेवायचा का. आणि पोस्ट लिहून देऊ नका, त्यांच्या शब्दांत येऊ द्या.

पायरी ८: लक्ष कशावर ठेवायचं

दर सोमवारी अर्धा तास. मी बघते की एखाद्या कोडवर अचानक उसळी आली का, एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या नावांनी ऑर्डरी आहेत का, गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि पार्टनरचा नंबर एकच आहे का, आणि परत येणाऱ्या पार्सलांचं प्रमाण कुठल्या कोडवर जास्त आहे.

कोड कूपनच्या साइटवर गेला की लगेच कळतं. जी बाई फक्त तिच्या सोसायटीत सांगते तिच्या कोडवर इंदूर आणि जयपूरहून ऑर्डरी यायला लागतात. बहुतेक वेळा ती तिची चूक नसते, एखादं गिऱ्हाईक टाकतं किंवा चेकआउटच्या वेळी कोड शोधणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन तो उचलतं. आरोप करू नका, जुना कोड बंद करा, नवीन द्या, आणि तोपर्यंतचं कमिशन द्या.

खरी फसवणूकही असते. अमेरिकेत ईबेच्या प्रोग्रॅममध्ये लोकांच्या ब्राउझरमध्ये त्यांना न कळता कुकी भरून कमिशन लाटणाऱ्या मोठ्या ॲफिलिएटना २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. लहान दुकानात इतकं मोठं होत नाही, पण विक्रीला कोड हाच पुरावा धरला तर या प्रकाराला आपोआप आळा बसतो, कारण कुकी गुपचूप टाकता येते, कोड ऑर्डर करताना टाकावाच लागतो.

पायरी ९: पंधरा तारीख

११ ते १४ मध्ये शीट आणि कुरियरचा रिपोर्ट जुळवायचा, शंका असलेल्या ऑर्डरी वेगळ्या काढायच्या, आणि १४ च्या संध्याकाळी प्रत्येकीला हिशेब पाठवायचा, पैसे जायच्या आधी. आमचा मेसेज असा असतो:

"ताई, नमस्कार. ऑगस्टमध्ये तुम्ही आणलेल्या गिऱ्हाइकांच्या ११ ऑर्डरी. पोचल्या ९, परत आल्या २ (कल्याण आणि वसई, दोन्ही कॅश ऑन डिलिव्हरी). नवीन गिऱ्हाइकं ६, जुनी ३. एकूण कमिशन ५५२ रुपये. यादी खाली जोडली आहे. काही चुकलं असेल तर उद्या दुपारी १२ पर्यंत सांगा, संध्याकाळी पैसे पाठवते."

परत आलेल्या ऑर्डरींचं गाव लिहिल्याने फार फरक पडतो, कारण त्यांना माहीत असतं कल्याणला कुणी घेतलं होतं ते, आणि त्या स्वतःच तिकडे फोन करतात. दोनदा अशी परत आलेली ऑर्डर पुन्हा गेली आणि पैसे आले.

१५ ला रविवार असो, गणपती असो, पैसे जातात. एका सप्टेंबरला आमच्या घरी गौरी होत्या, लालबागमध्ये तर त्या दिवसांत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, नेटवर्क मिळत नव्हतं, भाऊ परळला चालत गेला आणि तिथून एकेक यूपीआय केले, रात्री साडेनऊपर्यंत सगळे संपले. पुढच्या सकाळी डोंबिवलीच्या काकूंचा मेसेज होता, सोबत शेजारच्या विंगमधल्या दोघींचे नंबर, 'यांनाही कोड पाहिजे, पॅन तयार आहे'.